आतले बिंदू

मोशीत गुरुवारी वीज जाते.
सोसायटीचा जनरेटर दहाला सुरू होतो
आणि दहा वाजून चार मिनिटांनी
बोराटेकाकांचा फोन आमच्या भोसरीच्या ऑफिसात:
"तुमचा डबा परत घुमतोय."

डबा म्हणजे पत्र्याचं आवरण.
दोन मीटर लांब, एक रुंद, एक मीटर वीस उंच.
आतलं मी काहीच मांडलं नव्हतं,
पिस्टन नाही, पंखा नाही, कोंडलेली हवा नाही.
माझ्या पद्धतीला फक्त कातडी लागते:
पत्र्याचे बाराशे चौकोन,
काहींची थरथर रियाज इनामदारने
मेणाने सेन्सर चिकटवून मोजलेली,
उरलेल्यांची अंदाजाने.
तेवढ्यावर बाहेरची सगळी हवा निघते,
पार्किंग, नळाची रांग, इंद्रायणी,
नदीपलीकडची उसाची शेतं, आणि पुढे अनंत.
अनंताला एकच अट घालायची असते,
तिकडून काही परत येणार नाही.
ही अट मी रोज टाइप करते,
चहाचा कप डाव्या हातात धरून.

मग बाराशे ओळी, बाराशे रकाने,
एकही शून्य नाही.
प्रत्येक चौकोनाला प्रत्येकाचं ऐकू येतं.
स्वतःचं स्वतःला ऐकायची वेळ आली
की अंतर संपतं, भागाकार फुटतो,
तिथे हाताने सावरावं लागतं.
सपाट हद्दीवरचा बिंदू अर्धाच धरतात.
डब्याच्या टोकावरचा
आठातले सात भाग बाहेरचा.

दोनशे एकोणचाळीस हर्ट्झला आलेख वेडा झाला.
सुळका. असा सूर डब्यात नव्हताच,
रियाजच्या माइकला तिथे साधी खाजही नाही.
दोन दिवस मी कोड उलटापालटा केला.
शेवटी नाडगौडा मॅडमना फोन लावला, पाषाणला.
मागे कुकरच्या शिट्ट्या.
"आत पोकळी आहे ना?
तू मांडली नाहीस म्हणून ती गेली का?
तिचा सूर आला की ती तुझ्या समीकरणात शिरते.
आत चार बिंदू ठेव. नुसते.
प्रत्येकाला बजाव: इथे आवाज शून्य.
मधोमध नको ठेवूस हं,
मधोमध बऱ्याच लहरी आपणहून गप्प असतात,
त्यांची साक्ष चालत नाही."

चार बिंदू ठेवले, जरा वाकडे.
सुळका बसला.

पुढच्या गुरुवारी मीटर घेऊन गेले.
तिसरा मजला, जिन्यात अंधार.
काकांच्या खिडकीत आकडा मर्यादेच्या आत,
चांगला चार डेसिबल आत.
मी मीटर त्यांच्याकडे वळवला.
त्यांनी चष्मा काढला, घातला,
आकड्याकडे पाहिलं नाही.

"आवाज फार नाही हो," म्हणाले.
"हिचं ऑक्सिजनचं मशीन होतं.
वीज गेली की ते गप्प व्हायचं,
जनरेटर लागला की मी उठून बघायचो
पुन्हा चालू झालंय का.
तीन वर्षं.
आता तो घुमला की मी उठतो.
आत जातो.
मग उभाच राहतो."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.
मी आत पाहिलं नाही.
माझं काम भिंतीपर्यंत.

खाली येऊन रियाजला म्हटलं,
डब्याची झडप नदीकडे फिरवू.
तो म्हणाला, फरक पडणार नाही, एखादा डेसिबल.
फिरवली तरी.

अहवालात लिहिलं: पातळी मर्यादेत.
तक्रारीचं कारण, या रकान्यात
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
दोन वाजता वीज आली,
डबा थांबला.
तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी
खिडकी लावून घेतली,
की उघडली,
खालून कळत नव्हतं.